शिक्षण : बारावी पास

"पोरी, कागदावर मानूस एकदा बारका केला, की त्यो घरातबी बारका व्हतो," असं कोंडीरामकाका म्हणाले, तेव्हा अंजली गालातल्या गालात हसली होती.

काका तिचे घरमालक. चऱ्होलीत खालच्या मजल्यावर ते आणि भिमाबाई राहायचे. वर, पत्र्याच्या खोलीत अंजली, तिचा नवरा धम्मरत्न आणि अडीच वर्षांची चिमी. पिंपरीच्या एका कंपनीत तेहतीस वर्षं हेल्पर म्हणून राबून काका रिटायर झालेले. त्यांना आजच्या भरतीतलं काय कळणार, असं तिला वाटलं. ती स्वतः संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि तिच्याजवळ वही होती.

ती वही म्हणजे दहा आठवड्यांची मेहनत. धम्मरत्न मेकॅनिकलचा बी.ई., फर्स्ट क्लास. हिंगोलीहून इकडे येऊन वर्ष उलटलं तरी नोकरी म्हणून लागत नव्हती. तो रोज निळी फाइल काखोटीला मारून निघायचा. कधी भोसरी, कधी तळवडे, कधी म्हाळुंगे. संध्याकाळी परत आला की फाइल फ्रिजवर ठेवायचा आणि म्हणायचा, "अनुभव पाहिजे म्हणतात." शेवटी अंजलीनं भरतीचे चार व्हॉट्सॲप ग्रुप जॉइन केले आणि रोज दुपारी चिमी झोपली की येईल ती जाहिरात वहीत उतरवायला लागली. चार रकाने: दहावी-बारावी, आयटीआय, डिप्लोमा, डिग्री. प्रत्येक जागेला एक रेघ, पाचवी रेघ आडवी.

दहा आठवड्यांनी तिनं रेघा मोजल्या. दहावी-बारावीच्या रकान्यात दोनशे बारा. आयटीआय एकशे चौऱ्याहत्तर. डिप्लोमा अडतीस. डिग्रीच्या रकान्यात नऊ, आणि त्यातल्या सातांना तीन वर्षांचा अनुभव हवा होता. शिवाय कितीतरी जाहिरातींच्या खाली ठळक अक्षरात लिहिलेलं: 'फ्रेशर चालेल. ग्रॅज्युएट चालणार नाही.'

"अहो, इथं चाकणला पोटापाण्याचा दरवाजा आहे, पण त्याची चौकट ठेंगणी आहे," ती म्हणाली. "वाकून आत जा. आत गेल्यावर उभे राहा."

"म्हणजे?"

"बारावी पास लिहा. बारावीची मार्कशीट खरीच आहे की. खोटं काय त्यात?"

धम्मरत्ननं रेघा पुन्हा मोजून बघितल्या. मग म्हणाला, "गणित तुझं बरोबर आहे."

फॉर्म तिनंच भरला. सयाजी नावाचा, कंपन्यांना माणसं पुरवणारा ठेकेदार खोलीवर येऊन कागद बघणार होता, म्हणून आदल्या दिवशी तिनं भिंतीवरचा फोटो काढला. भिंतीवर तीन फोटो होते. एकीकडे बुद्ध, एकीकडे बाबासाहेब, आणि मधोमध काळा गाऊन घातलेला, पदवी हातात धरलेला धम्मरत्न. त्याच्या आईनं हिंगोलीत हट्टानं फ्रेम करून घेतलेला. मधला फोटो अंजलीनं साडीत गुंडाळून कपाटात ठेवला. काका जिन्यात उभे राहून बघत होते, तेव्हाच त्यांनी ते बारक्या माणसाचं वाक्य टाकलं. आणि वर पुढंही बोलले, "आपल्यात एक अख्खी पिढी शाळेच्या उंबऱ्याभाईर बसून शिकली, तवा ह्यो कागद आलाय घरात. त्यो साडीत गुंडाळून ठेवायचा व्हय?"

"काका, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे," ती हसून म्हणाली.

धम्मरत्ननं भिंतीकडे बघितलं. "फोटो काढलास, पण खिळा दिसतोय."

तिनं खिळ्यावर कॅलेंडर अडकवलं.

नोकरी लागली. चाकणच्या एका कारखान्यात, गाड्यांचे ब्रॅकेट बनवायच्या लाइनवर ऑपरेटर. पावणेसहाला फाट्यावर कंपनीची बस, चारच्या सुमाराला घरी. अंजली त्याचा निळा शर्ट रोज बादलीत भिजवायची. पहिलं पाणी काळं निघायचं, दुसरं करडं, आणि तिसऱ्यालाही मशीनवरच्या कूलंट तेलाचा वास यायचाच. त्या काळ्या पाण्याकडे बघून तिला बरं वाटायचं. घरात कोणीतरी काम करतंय, याचा तो पुरावा होता.

सात महिने गेले. आणि एका मंगळवारी पहिलंच पाणी स्वच्छ निघालं.

तिला वाटलं, लाइन बंद असेल. बुधवारी पाणी स्वच्छ. गुरुवारी शर्टाला नुसता धुळीचा आणि घामाचा वास. पण डबा रिकामा येत होता, तो वेळेवर निघत होता, वेळेवर परतत होता, चिमीला खांद्यावर घेऊन गच्चीत फिरवत होता. अंजली बघत राहिली. बघत राहायची तिची सवयच. चिमीला ताप येण्याआधी तिच्या कानाच्या पाळ्या लाल होतात, हेही तिनं असंच हेरलेलं.

अडीच आठवडे तिनं पाणी बघितलं. मग एके सकाळी चिमीला भिमाबाईंकडे सोपवून ती त्याच्या मागोमाग फाट्यावर गेली आणि बंद टपरीच्या आडोशाला उभी राहिली. बस आली. पोरं चढली. "ए इंजिनीअर, येतो का?" खिडकीतून कुणीतरी ओरडलं, आणि आतून हशा उठला. धम्मरत्न जागचा हलला नाही. बस गेल्यावर तो डबा हातात घेऊन आळंदीच्या रस्त्यानं, कुठं जायचंय हे ठाऊक नसलेल्या माणसासारखा, हळूहळू चालत गेला.

ती तिथूनच सयाजीला फोन लावून मोकळी झाली.

"वहिनी, तुम्हाला सांगितलं न्हाई व्हय त्यानं? अठरा दिवस झाले काढून."

"पण का? काम तर चांगलं करत होते."

"तेच तर नडलं! मशीन बंद पडलं हुतं. मेंटेनन्सवाली पोरं दोन तास डोकं खाजवत बसली. ह्यानं ड्रॉइंग बघितलं आन धा मिन्टांत चूक दावली. साहेब खूश. म्हणला, ह्याला ट्रेनिंगला पाठवा. एचआरच्या मॅडमनी गेटवर जमा केल्याला त्याचा फोन मागवला, म्हणल्या डिजिलॉकर उघड, बारावीची मार्कशीट दाव. ह्यानं उघडलं तर वर डिग्रीच! फर्स्ट क्लास! आता सांगा, मी काय करू?"

"डिग्री असणं हा काय गुन्हा आहे का, भाऊ?"

"गुन्हा न्हाई, वहिनी, ताप हाय. शिकलेला माणूस लाइनवर टिकत न्हाई, आन टिकला तर नियम वाचतो. माझ्या ठेक्यात तर आता न्हाईच, आन आमची ठेकेदार मंडळी एकमेकांना नावं कळवतात. दुसरीकडंबी अवघड हाय." तो थांबला. "लपवायचं हुतं तर नीट तरी लपवायचं, राव."

अंजली घरी आली. दिवसभर तिनं काय केलं? रडली नाही. वही काढली. गेल्या दोन महिन्यांच्या जाहिराती उतरवून काढल्या. बॅटरीचे नवे कारखाने येत होते, डिप्लोमाच्या रकान्यात एकदम रेघा वाढल्या होत्या. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव. तिला हुरूप आला. चार वाजता धम्मरत्न दारात आला, तेव्हा ती जमिनीवर वही पसरून बसलेली होती.

"मला कळलंय सगळं," ती म्हणाली. "काही बोलू नका. हे बघा, आता डिप्लोमाला मागणी आहे. पहिली दोन वर्षं तर तुम्ही डिप्लोमाइतकंच शिकला होतात ना? सयाजीचा ठेका सोडून दुसऱ्या भागात, तिकडं तळेगावला, डिप्लोमा म्हणून..."

त्यानं डबा ओट्यावर ठेवला. चिमी पायाला येऊन बिलगली, तिच्या डोक्यावर हात ठेवून तो तसाच उभा राहिला.

"अंजू, तू मला किती वेळा खोडून लिहिणार?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर तिला भांडता आलं असतं. तिनं वही मिटली. अठरा दिवस हा माणूस कुठं बसला, भर उन्हात डबा कुठं खाल्ला, येता-जाता ओळखीचं कोणी दिसलं तर कुठं तोंड लपवलं, यातलं एकही तिनं विचारलं नाही. आधी रकाना दाखवला.

सकाळी तो नेहमीसारखा उठला. तिनं डबा भरला, त्यानं घेतला. ती चिमीला दूध देत होती, जिना उतरल्याचा आवाज तेवढा आला. निळा शर्ट घडी घालून खाटेवर ठेवलेला तिला नंतर दिसला. त्याचा पांढरा शर्ट नव्हता. फ्रिजवरची फाइल नव्हती. फोन मात्र उशाशी होता, बंद करून ठेवलेला. आणि भिंतीवरचं कॅलेंडर खाली होतं. मधल्या खिळ्यावर काळ्या गाऊनमधला फोटो परत आला होता, थोडा तिरका.

चार वाजले. पाच वाजले. दिवेलागणीला काका वर आले, फोटोकडे बघितलं आणि पायात चप्पल चढवली.

"बोला काका, काय बोलायचं ते," ती म्हणाली.

"न्हाई बोलत. चल, गाडी काढतो."

त्याला आज तीन दिवस झाले. चौकीत तक्रार नोंदवली. हिंगोलीला सासूला काय सांगायचं, म्हणून अजून सांगितलेलं नाही. आळंदीच्या घाटावर भिमाबाई स्वतः दोनदा जाऊन आल्या. तिथं काय बघायला गेल्या होत्या ते त्याही बोलल्या नाहीत, अंजलीनंही विचारलं नाही. काकांच्या स्कूटरवर मागं चिमीला मांडीत धरून तिनं खराबवाडी, म्हाळुंगे, नाणेकरवाडी पालथी घातली. प्रत्येक गेटसमोर पोरं उभी, प्रत्येकाच्या हातात निळी फाइल, आणि लांबून प्रत्येकाची पाठ धम्मरत्नसारखी. फाइल घेऊन गेलाय म्हणजे जिवाचं काही करणार नाही, जीव द्यायला निघालेला माणूस सर्टिफिकेटं कशाला नेईल, असं ती स्वतःला तासातासाला बजावते. आणि मग तिला पांढरा शर्ट आठवतो. तो त्यानं फक्त पदवीदानाला आणि लग्नात घातलेला.

आज दुपारी चिमी झोपल्यावर तिनं वही उघडली नाही. ज्या चार ग्रुपांवरून ती जाहिराती उतरवायची, त्या चारही ग्रुपांवर तिनं पहिल्यांदाच स्वतः लिहिलं:

'जाहिरात नाही, पण कृपया पूर्ण वाचा. धम्मरत्न खिल्लारे, वय एकोणतीस, रंग सावळा, मध्यम उंची, डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. पांढरा शर्ट, निळी फाइल. सोबत स्टीलचा डबा. शिक्षण बी.ई. मेकॅनिकल, फर्स्ट क्लास. बारावी पास हे मी लिहिलं होतं, त्यांनी नाही. शनिवारी सकाळपासून घरी आलेले नाहीत. तुम्ही उद्या फर्स्ट शिफ्टला जाल तेव्हा बसच्या खिडकीतून एकदा बाहेर बघा. गेटपाशी कोणी आत न जाता नुसता उभा असेल, तर उतरून त्याच्याजवळ जा, नाव विचारा. ते असतील तर सांगा, चिमी विचारतेय, आणि अंजूनं वही बंद केलीय. नंबर खाली दिलाय, काकांचाही दिलाय. आणि ते नसले, दुसराच कोणी असला, तरी तसेच निघून जाऊ नका. जेवला आहे का, आणि तो इथं आहे हे घरी माहीत आहे का, एवढं त्याला विचारा.'