रिव्हर्स कॅमेऱ्यातले श्यामराव

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी साडेसातलाच दर्शनाची रांग लागली होती. देव नव्हता, एक पांढरी गाडी होती. सुनीती रिव्हर्स गिअर टाकायची आणि समोरच्या छोट्या पडद्यावर, गाडीच्या मागे, पाच महिन्यांपूर्वी गेलेले तिचे यजमान उभे दिसायचे. तांबूस, धूसर, पण उभे. गेला पंधरवडा हे चाललं होतं. उंचीही श्यामरावांचीच, असं शपथेवर सांगणाऱ्यांनी त्यांना हयातीत जिन्यात कधी नमस्कार केला नव्हता.

आत्म्यांशी बोलतात म्हणून बोलावलेले समाधान महाराज उभ्या गाडीतही सीटबेल्ट लावून बसले होते. "आत्मा रिव्हर्समध्ये अडकलाय," ते म्हणाले, "फ्रिक्वेन्सी जुळली की चेहरा दिसेल." ती जुळावी म्हणून सुनीतीने एकवीस दिवस उपास करायचा आणि इन्सुलिन बंद ठेवायचं. आज चौथा दिवस. तिचे ओठ सुकले होते, बोलताना धाप लागत होती.

मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. तरी खरं सांगते, पहिल्या दिवशी तो पडदा पाहून मीही हात जोडले. श्यामराव मला भावासारखे होते. मलाही ते हवे होते.

मेकॅनिकने वायरिंग, फ्यूज, पडदा तपासला होता. तो कॅमेऱ्याला हात लावायला निघाला तेव्हा सुनीतीने त्याला परत पाठवलं. आज मी मागच्या सीटवर बसले आणि तिला गाडी हळूहळू मागे घ्यायला सांगितली. पडद्यावर भिंत जवळ आली, मोठी झाली. भिंतीशी ठेवलेली कुंडी मोठी झाली. श्यामराव होते तेवढेच राहिले. खरा माणूस मागे उभा असता तर तोही मोठा दिसला असता.

महाराज म्हणाले, आत्म्याला अंतर नसतं. मग त्याला कॅमेरा कशाला लागतो, असं विचारून मी खाली उतरले.

नंबरप्लेटच्या वर, शर्टाच्या बटणाएवढ्या भिंगावर, कोणीतरी एक उभं बोट ओढलेलं होतं. तेलात कालवलेलं कुंकू, वाळून घट्ट बसलेलं. भिंगाला इतक्या जवळचं स्पष्ट दिसत नाही, म्हणून पडद्यावर त्या बोटाचा धूसर माणूस झाला होता.

हे कोणी लावलं, मी विचारलं. सुनीती उतरून माझ्याजवळ आली. तिने ते पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"मीच, बाई. दसऱ्याला गाडीची पूजा दरवर्षी हे करायचे. यंदा आमच्याकडे सण नाही, आणि मी कुंकवाला हात लावला तर लोक काय म्हणतील, म्हणून गुपचूप लावलं. घाईत कुठं लागलं तेही बघितलं नाही."

मी रुमाल काढला. तिने माझा हात धरला.

"थांबा. मला एकदा बघू दे."

ती पुन्हा गाडीत बसली. बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग येऊन तिने ते कुंकू स्वतःच्या पदराने पुसलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले. तेवढ्यात महाराज रिक्षाने निघून गेले. मी तिला तसंच डॉक्टरांकडे नेलं.

महाराजांना शिव्या देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण सुनीतीला ती पूजा चारचौघांत करता आली असती, तर कोणीतरी तिथंच म्हटलं असतं, "अहो, कॅमेऱ्याला लागलं." तिला चोरून करायला लावणारे आम्हीच. तेव्हा हात जोडून सांगते, असं काही दिसलं तर आधी काच पुसून पाहा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. आणि नवरा गेलेल्या बाईने कुंकवाला हात लावायचा की नाही, हे तिचं तिला ठरवू द्या. श्यामराव परत येणार नाहीत. सुनीतीला हे दोनदा कळावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ते मी सांगितलं.