उपाशी सुलतान आणि धोंडूबाबांचं तीर्थ

गुरुवारी दहा वाजायच्या आत विजयमालाबाईंच्या चिकूच्या वाडीत पाय ठेवायला जागा उरायची नाही. तलासरीहून, सायवनहून रिक्षा भरभरून यायच्या. सगळ्यांना एकच बघायचं असायचं: मेलेलं जनावर जिवंत होताना.

जनावर म्हणजे सुलतान. फेरेट नावाचा, मुंगसासारखा लांबट विलायती प्राणी. विजयमालाबाईंच्या मुलाने, भावेशने, लग्नाआधी हौसेने मुंबईहून आणलेला. आता सहा वर्षांचा, म्हणजे त्याच्या जातीत म्हातारा. हल्ली तो कोसळायचा. मागचे पाय लुळे, तोंडातून लाळ, डोळे उघडे पण नजर कुठेच नाही. गेले तीन गुरुवार तो असा पडला आणि तिन्ही वेळा धोंडूबाबांनी त्याला उठवला. आज चौथा.

"यमाने फाइल बंद केली," बाबा माइकवर सांगत होते. "सही झाली, शिक्का झाला. आता आम्ही वर अपील टाकतो. आपल्याकडे तारीख पे तारीख नाय, लगेच निकाल."

लोक हसले आणि हसता हसता हात जोडून उभे राहिले. बाबांनी पितळी तांब्यात बोट बुडवलं, सुलतानच्या हिरड्यांवर तीर्थ चोळलं आणि मंत्र सुरू केले. थोड्या वेळात सुलतान थरथरला, मान उचलली, उभा राहिला. बायकांनी रिकाम्या बाटल्या पुढे केल्या.

ओट्यावर उभी असलेली सून नूतन दात खात होती. डहाणूच्या एका लॅबमध्ये ती रोज लोकांचं रक्त काढायची, पण घरात तिच्या शब्दाला किंमत शून्य. "याला मुंबईला डॉक्टरकडे नेऊ" म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "डॉक्टर मेलेल्याला उठवतो काय गं?" भावेश मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायचा, "बघू."

बाबांचा हुकूम असा: सुलतान पूर्वजन्मीचा तपस्वी, त्याला मांसमच्छी चारून भ्रष्ट करायचं नाही. बुधवारी रात्रीपासून कडक उपास. एरवी दूध आणि वाडीतला पिकला चिकू. नूतन तावातावाने सांगायची की हे मांस खाणारं जनावर आहे. ऐकतो कोण.

पाचव्या गुरुवारच्या आदल्या दिवशी वाडीत चिकू निवडणारी जमना तिला म्हणाली, "वहिनी, एक विचारू? हा गुरुवारचाच का मरतो? यमाला बाकी दिवस सुट्टी असते काय?"

"तुला काय वाटतं?"

"मी आधी चोरून अंडं घालायची त्याला. तेव्हा असा पडायचा नाय. बाईंनी बघितलं, बंद केलं. आता उपाशी असला की पडतो. चिकू खाल्ला की आधी नाचतो, मग पडतो."

नूतनला स्वतःच्याच मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं. रोज चाळीस बोटं टोचायची, उपाशीपोटी चक्कर आलेल्यांना ग्लुकोज पाजायचं, आणि घरातलं जनावर डोळ्यांसमोर पडतं तेव्हा नुसतं बाबावर चिडत बसायचं.

गुरुवारी सुलतान कोसळला. बाबांनी माइक हातात घेतला, तेवढ्यात नूतन सासूबाईंचं शुगरचं मशीन घेऊन पुढे आली. सुलतानच्या पंजाला टोचलं, थेंब पट्टीला लावला आणि मशीन विजयमालाबाईंसमोर धरलं.

"वाचा, आई."

"अडतीस." बाईंनी मशीन जवळ घेऊन पुन्हा बघितलं. त्या रोज सकाळी याच मशीनवर आपला आकडा बघायच्या. "अगं, माझी साठ झाली तरी मला घाम फुटतो."

"म्हणजे हा मेलेला नाही. याची साखर उतरलीय." नूतन बाबांकडे वळली. "तांब्या बाजूला ठेवा. आमच्या माठातल्या पाण्यावर मंत्र म्हणा आणि उठवा याला."

"कृपेची परीक्षा घेतेस, पोरी?"

"कृपेची नाही, तांब्याची."

"पापी नजरेने इथली हवा बिघडली. आज शक्ती उतरणार नाय."

सुलतानला झटके यायला लागले होते. वाद घालायला वेळ नव्हता. नूतनने स्वयंपाकघरातला मध आणला आणि बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळला. मंत्र नाही, माइक नाही. सुलतान थरथरला, मान उचलली, उभा राहिला. जमनाने लगेच उकडलेलं अंडं कुस्करून पुढे केलं आणि तपस्वी त्यावर तुटून पडला.

विजयमालाबाईंनी तांब्यात बोट बुडवून चाटलं. "मधच आहे," त्या म्हणाल्या.

बाबा रिक्षात बसले. वाईट याचं, की अर्धी गर्दी त्यांच्यामागे गेली. एकजण जाता जाता म्हणालाच, "पण उठवत होते ना?"

"पाडतही तेच होते," नूतन म्हणाली. त्याने ऐकलं नाही.

दोन दिवसांनी मुंबईच्या डॉक्टरांनी तपासलं. सुलतानच्या स्वादुपिंडात गाठ होती. ती गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडते. उपास घडला की साखर तळाला जाते. गोड दिलं की चढते, गाठ आणखी इन्सुलिन ओतते आणि साखर पुन्हा आपटते. म्हणजे उपासाने पाडायचं, मधाने उठवायचं आणि त्याच मधाने पुढच्या पडण्याची सोय करायची. औषध रोज, दर तीन-चार तासांनी थोडं मांस किंवा अंडं, चिकू बंद. मध फक्त कोसळला तर, आणि शुद्धीवर येताच मांस. बरा होणार नाही, पण उरलेले महिने सुखाने जगेल.

"मीच त्याला उपाशी मारत होते," विजयमालाबाई म्हणाल्या. नूतनने त्यांची समजूत काढली नाही.

आणि मी तुमचीही काढणार नाही. आज जनावर होतं, उद्या तुमचं पोर असेल. कोसळलेल्याला कोणी उठवताना दिसला, तर त्याच्या पाया पडण्याआधी विचारा: हा पडला कशाने, आणि तुम्ही याला काय दिलंत? डॉक्टरलाही विचारा, बाबालाही विचारा. ज्याच्याकडे उत्तर आहे तो बसून समजावून सांगेल. जो चिडेल, त्याच्या हाती आपला जीव देऊ नका.