लग्नातली तपकिरी पँट

आमच्या दाजींनी आयुष्यात एकाच डॉक्टरचं ऐकलं, आणि तो डॉक्टर म्हणजे त्यांची लग्नातली तपकिरी पँट. दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला ती चढवायची, हुक लागला की पोटावर थाप मारायची आणि ताईला सांगायचं, "बघ, बावीस वर्षांत इंचभर हललो नाही! आण ती साखर." चहात चार चमचे, पावावर बोटभर लोणी, जेवणानंतर बिस्किटांचा अख्खा पुडा. जिभेचे चोचले पुरवावेत तर आमच्या दाजींनीच.

पँट मीच शिवलेली. आणि वाढदिवसाच्या आठवडाभर आधी ताई ती पिशवीत लपवून माझ्या दुकानात आणायची. आधी शिवणीत सोडलेलं कापड संपलं. मग त्याच ताग्यातला तुकडा शोधून मागे पाचर घातली, पुढे आणखी एक. छत्तीसची बेचाळीस झाली. दाजींना पत्ता नाही.

"कशाला करतेस हे?" मी एकदा विचारलं.

"एका वर्षी हुक लागला नाही तेव्हा ताट भिंतीवर फेकलं. म्हणे, तूच धुऊन आटवलीस. महिनाभर बोलले नाहीत. तुझं काय जातं रे चार टाके घालायला?"

माझं काही जात नव्हतं, म्हणून घालत राहिलो. दाजींचा मला मनापासून राग येतो. स्वतःचा त्याहून जास्त येतो.

गेल्या वर्षी दाजी दुकानात आले ते एका पायात चप्पल आणि दुसऱ्याला फडकं गुंडाळून. टाचेची जखम दोन महिने भरत नव्हती.

"डॉक्टर म्हणतो रक्तात साखर वाढलीय. गोड बंद करा, कंबर कमी करा. गाढव लेकाचा! परवाच पँट घातली मी."

"दाजी, डॉक्टरांचं ऐका."

"तू कपडे शिव. अक्कल शिकवू नकोस."

माझ्या गळ्यात टेप होती. त्यांच्या कमरेला लावायला क्षणही लागला नसता. बोललो तर ताईची धडगत नाही, असं मनाला समजावलं. खरं सांगायचं तर तेव्हा मनात आलं होतं, भोगा. करावं तसं भरावं.

चार महिन्यांनी त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापला.

काल ताई पुन्हा पिशवी घेऊन आली. "वाढदिवस जवळ आला. डावा पाय आखूड कर."

मी खूण केली, कात्री चालवली. खाली पडलेला तुकडा ताईनं उचलला आणि त्याची नीट घडी घातली. "हा टाकू नकोस. पुढच्या वर्षी कमरेला लागेल."

"अजून खातात?"

"खातात म्हणजे? मागून घेतात. नाही दिलं की कुबडी आपटतात."

मी तो तुकडा तिच्या हातातून हिसकावला आणि तिच्यासमोर चिंध्या केल्या. मग पँट उलटी करून एकेक पाचर उसवायला घेतली.

"अरे, काय करतोस! मला जगू देतील का ते?"

"सांग त्यांना, सगळं मी केलं. इतकी वर्षं मीच फसवलं. मारायचं तर इथे येऊन मला मारा म्हणावं. एका पायावर का होईना, अजून येता येतंय त्यांना."