डोंगरमाथ्यावरचा रिकामा डबा

मित्रांनो, मी एक जुना प्लास्टिकचा डबा आहे. तोंडाने मोठा, बुडाने लहान, रंगाने आता पिवळट. जन्म कारखान्यात झाला, पण वाढलो एका स्वयंपाकघरात, साखरेच्या बरणीशेजारी. सुखात होतो. एके दिवशी तिथल्या सूनबाईंनी मला आणि माझ्या सगळ्या भावंडांना पिशवीत कोंबलं. सूनबाई जमिनीवरच्या किड्यांचा अभ्यास करायच्या.

"अगं, झाकणाचे डबे आहेत ते!" सासूबाई कडाडल्या.

"झाकणं तुम्हीच ठेवा आई, मला नुसते डबे हवेत."

"मग मी काय झाकणांत साखर भरू?"

एका उंच डोंगरावर, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, त्यांनी आम्हाला एकेक करून मातीत अगदी काठापर्यंत पुरलं. आत साबणाचं पाणी, वर दगडांवर टेकवलेली ताटली, म्हणजे माझं छप्पर. चालता चालता जो जीव आत पडेल, तो घरी नेऊन बघायचा. कोणत्या उंचीवर, कोणत्या ऋतूत कोण राहतं, हे सूनबाईंना शोधायचं होतं.

मी सगळ्यात वरचा. सूनबाई माझ्यापर्यंत पोचेतो धापा टाकायच्या, तरी बोलायच्या थांबायच्या नाहीत. पायथ्याला पावसानंतर मुंग्यांची झुंबड. मधल्या झाडीत कोळी आणि गोमा. त्याच्या वर मुंग्या विरळ, भुंगेरे दाट. ऊन तापलं की खालचा डबा ओस, वरचा गजबजलेला. "एकच डोंगर, पण दर चढणीला नवं गाव!" असं म्हणून त्या माझं छप्पर उचलायच्या. आणि वहीत भोपळा काढायच्या.

कारण मी रिकामा. हिवाळा सरला, बर्फ वितळलं, तरी मी आपला रिकामाच. लाजेने मेल्यासारखं झालं.

शेवटी सूनबाईंचे साहेब स्वतः वर आले. "माथ्यावर काही नाही. उद्यापासून इथली फेरी बंद," ते म्हणाले. फेरी बंद म्हणजे डोंगराचं डोकंच अभ्यासातून उडालं. सूनबाईंचे डोळे भरून आले. सासूबाईसुद्धा चढून आल्या होत्या, पण माझ्यासाठी. पिशवीत माझं झाकण घेऊन.

"बंद ना? मग द्या माझा डबा."

"थांबा, एकदा नीट बघू द्या," म्हणत साहेब वाकले, मोठ्यांदा शिंकले, आणि त्यांची कवळी टुपकन माझ्यात पडली.

मित्रांनो, ती माझी पहिली शिकार!

"घाबरू नका," सासूबाई म्हणाल्या, "साबणाचं पाणी आहे. दात आयतेच घासून निघाले."

साहेब पोटावर आडवे झाले आणि माझ्यात हात घातला. गाल मातीला टेकलेला. तेवढ्यात एक काळाभोर भुंगेरा तुरुतुरु आला. माझ्या भिंतीला थडकला, मिशांनी चाचपलं, आणि वळसा घालून निघून गेला. त्याच्यामागून दुसराही तसाच.

"अरेच्चा!" साहेब बोळक्या तोंडाने ओरडले. "काठ वर आलाय हो याचा!"

खरंच. मला पुरलं त्याच रात्री थंडीने माती गोठून फुगली होती आणि तिने मला बोटभर वर ढकललं होतं. ताटलीच्या सावलीत ते कुणालाच दिसलं नव्हतं. माझा खड्डा राहिला नव्हता, झाली होती भिंत. सूनबाईंनी मला खाली दाबलं आणि काठापर्यंत माती सारखी केली.

पुढच्या फेरीला सासूबाईही आल्या, आणि साहेब दात खिशात ठेवूनच वाकले. माझ्यात बिनपंखी भुंगेरे होते, लांब पायांचे कोळी होते, तिळाएवढे उड्या मारणारे जीव होते. खालच्या एकाही भावाला न भेटलेले! झाड नाही, झुडूप नाही, नुसता वारा आणि दगड, आणि तिथे एवढी वस्ती. तिघंही गुडघ्यांवर बसून बघत राहिली.

मग सासूबाईंनी पिशवीतून झाकण काढलं आणि ताटलीच्या जागी दगडांवर ठेवलं. "राहू दे तुझ्या डब्याला. गारठेल बिचारा."

मित्रांनो, आता मला चीर गेली आहे, पण डोक्यावर माझंच झाकण आहे. एवढंच मागतो. 'इथे कुणीच नाही' म्हणण्याआधी एकदा गाल मातीला टेकवून बघा. आणि पाय जपून टाका. सगळं गाव जागं आहे.