पेलाभर ताकद

गाऊनच्या बाहीवर गरम इस्त्री फिरली आणि दारूचा वास आला.

इस्त्रीकाकूने इस्त्री उभी केली आणि बाही नाकाशी धरली. गाऊन तिच्या सुनेचा होता, पाचवा महिना लागल्यावर सैल शिवून घेतलेला; एकदाच घातला म्हणून न धुताच इस्त्रीला घेतला होता. काकूचा नवरा दारूपायी गेला होता, तेव्हा तो वास तिला कोणी शिकवायला नको होता. शिवाय कपडा तापला की पोटातलं सगळं ओकतो, हा तिचा इतक्या वर्षांचा अनुभव. गल्लीत कोण चोरून सिगारेट ओढतं, कोणाच्या शर्टाला परकं अत्तर येतं, हे घरच्यांच्या आधी तिला कळायचं. आता पाळी स्वतःच्याच घरावर आली होती.

"दुपारी कुठे गेली होतीस गं?"

"कुठे जाणार? झोपले होते."

"हल्ली फार झोपतेस."

"डोकं जड होतं हो, आई."

डोकं जड होतं म्हणे! काकूच्या मनात पाल चुकचुकली. मुलगा ट्रक घेऊन बाहेरगावी, घरात दोघीच. तिने बाहीवरून पुन्हा इस्त्री फिरवली. सून टक लावून बाहीकडेच बघत होती. चोराच्या मनात चांदणं, काकू मनात म्हणाली.

मग शोध सुरू झाला. सून आंघोळीला गेली की काकू गादी उचलून बघे, बादलीमागे हात घाले, पिठाच्या डब्यातही एकदा हात घालून झाला. हाती लागलं काय, तर बिस्किटांचा अर्धा पुडा. सुनेला भेटायला तिची मैत्रीण आली तर काकू दाराआड उभी राहून तिच्या पिशवीचा आकार बघत राहिली. बाटली कुठेच नव्हती. बाटली सापडत नाही म्हणजे पोरगी पक्की बनेल आहे, असा तिने निष्कर्ष काढला आणि तिला आणखीच राग आला. पोटातलं लेकरू तिचं पहिलं नातवंड होतं.

त्या लेकरासाठी स्वतःकडून ती काही कमी करत नव्हती. तिच्या आईने गरोदरपणात तिला पाजलेलं ताकदीचं औषध ती सुनेला पाचव्या महिन्यापासून रोज संध्याकाळी द्यायची. मनुका, साखर, पाणी, वर लवंग आणि सुंठ. पेला रिकामा होईपर्यंत समोर उभी राहायची. "आजकालच्या पोरी औषध ओतून देतात," असं शेजारच्या शिंपिणीने तिला सांगून ठेवलं होतं.

तपासणीच्या दिवशी दवाखान्यात काकूने सिस्टरला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात सगळं सांगून टाकलं. सिस्टरने सुनेलाही आत बोलावलं. आरडाओरडा नाही की उपदेश नाही, सरळ विचारलं.

"आईशप्पथ नाही हो!" सून रडायलाच लागली. "मी कधी थेंबाला शिवले नाही."

"बरं. गोळ्यांशिवाय दुसरं काय घेतेस?"

"काही नाही. आईंचं ताकदीचं औषध तेवढं."

सिस्टरने काकूला औषधाची कृती विचारली. कोणी कृती विचारली की काकूची कळी खुलायची. "माझी आई दोन दिवसच भिजवायची. मी महिना-दीड महिना मुरवते. बरणी इस्त्रीच्या टेबलावरच्या फळीवर असते ना, तिथे ऊब लागते. मग असा फेस धरतं, झाकणसुद्धा उडतं कधीकधी!"

"हे मुरलेलं तुम्ही चाखलंय कधी?"

"मी कशाला? ते पोटुशीचं औषध."

"काकू," सिस्टर म्हणाली, "मनुका, साखर, पाणी आणि ऊब. दारू आणखी कशाची होते?"

काकू आधी हसली. मग तिचं हसू तोंडावरच राहिलं. रोज नाकासमोर असलेल्या बरणीचा वास तिला लवंगेचा आणि सुंठेचा यायचा. दारूचा वास आला तो फक्त तापलेल्या बाहीला.

"म्हणजे बाळाला..."

"आई जे पिते ते बाळापर्यंत जातं, आणि त्याच्या मेंदूला ते सोसत नाही. इतकी चालते, असं माप गरोदरपणात नाही. बाळाला काही झालंच असेल असं मी म्हणत नाही, नाही होणार असंही सांगता येत नाही. आजपासून बंद केलंत तर पुढचा प्रत्येक दिवस बाळाच्या फायद्याचा. आता डॉक्टरांना खरं ते सांगा, म्हणजे त्यांना बाळावर नीट लक्ष ठेवता येईल."

डॉक्टरीणबाईंनी सुनेला विचारलं, "रोज किती घेत होता?"

"फार नाही," सून घाईघाईने म्हणाली. "मला मळमळायचं. गिऱ्हाईक आलं, आई तिकडे वळल्या, की मी घोट बाहीत थुंकायचे."

काकूने तिच्याकडे पाहिलं. पोरगी आपल्याला सांभाळून घेतेय, हे तिला कळलं आणि फार लाज वाटली. सुनेने आपल्याला रोज फसवलेलं असू दे, अगदी रोज, एवढंच ती मनोमन मागत होती.

"संध्याकाळचं गिऱ्हाईक कितीदा आलं गं?" तिने विचारलं.

"दोनदा," सून खाली बघत म्हणाली.

"लिहा, बाई," काकू डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "पाचव्या महिन्यापासून, रोज पेलाभर. मी समोरून हलत नव्हते."