विहिरीनं नाकारलेली सीव्हिया

तळ्याकाठचं मालमिलाहती गाव वसून तीनशे वर्षं झाली, त्या उन्हाळ्यात सगळं गाव घाटावरच्या जुन्या विहिरीभोवती जमलं. माणसं घरची कॉफी अर्धी टाकून आली होती, आणि या गावात कॉफी फक्त आग लागली तरच अर्धी टाकतात. विहिरीशी एव्हर्ट कूलास उभा होता. डोळे मिटलेले, दाढी विंचरलेली. तो थेट पूर्वजांशी बोलत असे. पूर्वज मात्र त्याच्याखेरीज कुणाशीच बोलत नसत.

तळ्याच्या तळातून लोखंडाची माती उपसायला जे पहिल्यांदा आले, त्यांनीच ही विहीर खणली. किनाऱ्यावरच्या जमिनीच्या पट्ट्या त्यांच्याच वंशजांकडे राहाव्यात, असा रिवाज. चर्चची जन्ममृत्यूंची जुनी वही जळालेली, त्यामुळे खरे वंशज कोण हे विहीर सांगणार होती. सीव्हिया राउटियोच्या पट्टीवर तिचं मासे धुरावर सुकवायचं छप्पर होतं, त्यावरच तिचं पोट. नगरसभेचे अध्यक्ष पोयरी यांना तिथंच हॉटेलसाठी होड्यांचा धक्का हवा होता. कूलासला गावात आणलंही त्यांनीच.

"ही विहीर खोटं पचवत नाही," कूलास म्हणाला.

"मागच्या वर्षी पोयरींचं मांजर तीन दिवस पचवलं होतं," सीव्हिया शेजारणीला म्हणाली.

प्रत्येक घराण्याच्या नावाचे दोन पांढरे पेले तबकात मांडले होते. कूलासनं नियम सांगितला, "पाणी निर्मळ राहिलं तर रक्त खरं. काळं पडलं तर पूर्वज आगंतुक. शंका आली तर दुसरा पेला."

पोयरींचं पाणी निर्मळ. त्यांचं धरून आठ घराण्यांचं निर्मळ. सीव्हियाच्या पेल्यात पडताच काळं शाईसारखं.

गर्दी मागं सरकली. "पट्टी सोडावी लागेल हो, सीव्हियाबाई," पोयरी हळहळत म्हणाले. हळहळायचा सराव त्यांनी घरून करून आणला असावा.

सीव्हिया पेल्याकडं पाहत राहिली. छप्पर डोळ्यांपुढं आलं. मग तिला वाटलं, हा रंग मी ओळखते. दर वसंतात गावातला प्रत्येक जण मासे धरायची जाळी कुजू नयेत म्हणून बर्च झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळायचा. पाणी टेकडीवरच्या झऱ्याचं, या विहिरीचं कधीच नाही. हिच्यातल्या लोखंडानं काढा काळा पडतो आणि जाळं कोळशासारखं होतं. हे इथं पोरालाही ठाऊक. पण आज सगळे पूर्वजांचं ऐकत होते.

"बुवा, मला शंका आहे. दुसरा पेला द्या," ती म्हणाली.

कूलासनं तबक मागं ओढलं. "विहीर थकली आहे, बाई."

"मग तिला बसू दे. पेला तर थकला नाही ना?" तिनं तबकातला आपला दुसरा पेला उचलला, कोरड्या तळावरून बोट फिरवलं आणि चाटलं. "तुरट आहे. " मग ती शेजारणीला म्हणाली, "जा, झऱ्याचं पाणी आण."

झऱ्याच्या पाण्यानं पेला अर्धा भरला, तेव्हा ते पातळ चहासारखं पिवळट दिसलं. त्यात तिनं विहिरीचं ओंजळभर ओतलं. काळं.

"सालीचा काढा आत फासून वाळवलाय. फक्त माझ्या पेल्यांत," ती म्हणाली. मग छपरातलं जाळी उकळायचं भांडं आणून काढ्याचे चार थेंब पोयरींच्या निर्मळ पाण्यात टाकले. तेही काळं झालं. "अध्यक्षसाहेब, घरी सामान बांधायला सांगा. तुम्हीही आगंतुक निघालात."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग कुणालाच आवरेना. जो तो आपला पेला पुढं करू लागला. दुपारपर्यंत नऊच्या नऊ घराणी परकी ठरली. कूलासची दाढी तेवढी विंचरलेली राहिली. तो स्वतः मिळेल त्या होडीत बसून निघून गेला.

पट्टी सीव्हियाकडेच राहिली. पोयरींनी धक्क्याचा नकाशा गुंडाळला, तेव्हा ती त्यांना म्हणाली, "पूर्वज कुठून आले म्हणून विहिरीला कशाला विचारायचं? कुणी कर चुकवून आला, कुणी फौजेतून पळून, एक तर दुसऱ्याची बायको घेऊन. लोखंड मिळालं म्हणून थांबले. आपण त्यांचेच."

वाचकहो, या गावाला रसायनशास्त्र शिकवायची गरज नव्हती. ते त्यांच्या हाताला रोज लागत होतं. चूक एवढीच, की चमत्कार म्हटल्यावर त्यांनी ते हात जोडून ठेवले. तुमच्यापुढं असा पेला आला, तर आधी एक बोट मोकळं करा आणि तळ चाखा.