न ऐकलेली वाक्यं

वामनराव खटावकरांना ऐकू न आलेली वाक्यं घरात साचायला लागली, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. दिसायला ती वाळलेल्या आमसुलांएवढी, वजनाला मात्र जड. त्यांची बायको शकुंतला ती केरसुणीनं पलंगाखाली सारायची. तिथली जागा भरली. या उन्हाळ्यात स्वयंपाकघराचं दार अर्धंच उघडायला लागलं, तेव्हा तिनं बोलणंच सोडलं. "बोलून ठेवू कुठे?" एवढं कॅलेंडरच्या मागे लिहून दाखवलं.

वामनराव घाबरले. शेजारच्या दामल्यांनी औषधाच्या दुकानातून कानाचं तयार यंत्र आणलं होतं आणि त्यांना ते छान लागू पडलं होतं. वामनरावांनी तसंच आणून कानात घातलं. त्याबरोबर घरातली सगळी वाक्यं एकदम बोलू लागली. पंखा, मिक्सर, रस्त्यावरचा भंगारवाला, सगळे त्याच पट्टीत. शब्द एकही कळेना. आणि वाक्यं आवाजानं फुगत फुगत त्यांच्या छातीपर्यंत आली. शकुंतलेनं त्यांना हाताला धरून ओढून काढलं आणि तशीच मिरजेला कानाच्या तपासणीला घेऊन गेली.

तिथल्या मुजावर मॅडमनी त्यांना बंद खोलीत बसवून बारीक-मोठे आवाज ऐकवले. दोन्ही कानांत मऊ लगदा भरून साचे घेतले.

"थोडंसंच कमी येत असतं तर तयार यंत्रावर भागलं असतं," त्या कानाशी येऊन म्हणाल्या. "तुमच्या दोन्ही कानांची तऱ्हा वेगळी. ज्याला त्याला त्याच्या मापानं द्यायला हवं. आणि घाई करायची नाही."

मापाचं यंत्र आलं. आता वाक्यं एकेक करून बोलायची आणि ऐकून झालं की विरघळायची.

"चहा गार होतोय."

"वन्संचा फोन आला होता."

"मला बरं वाटत नाहीये हो."

वामनराव थांबले. शकुंतला शेजारी गवार मोडत बसली होती.

"हे कधीचं?"

"झालं आता जुनं," ती म्हणाली.

तिच्या पुढ्यातली मूठभर गवार त्यांनी घेतली आणि मोडू लागले.

चौथ्या आठवड्यात पलंगाखालची फरशी दिसली. भिंतीलगत एक वाक्य चिकटून राहिलं होतं. त्यांनी ते नखानं सोडवलं.

"दार उघडा हो, किती वेळ हाका मारतेय!"

वामनरावांनी उठून कडी काढली. बाहेर शकुंतला उभी होती, नऊ वर्षांनी तरुण. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, केस घामानं कपाळाला चिकटलेले.

स्वयंपाकघरातून शकुंतलेनं विचारलं, "कोण आलंय?"